बाहेरचा बैल

चाचांचं आधी सांगतो, माझं मागून. चाचा म्हणजे आमच्या कंपनीचे हवालदार, आखाडा बाळापूरच्या अंगच्या एका खेड्यातले मुसलमान शेतकरी. मी विलायतेपर्यंत पळत गेलो असं लोक म्हणतात आणि मी मान हलवतो, पण मला तिथवर त्यांनी नेलं. त्यांनी जागा दिली नसती तर मी आज जवळा बाजारच्या रस्त्याला कुणाच्या तरी गाडीमागं चालत असतो. त्यात वाईट काही नाही. पण मग हे लिहायला बसलो नसतो.

बसलो खरा, पण हात चालत नाही. इथं थंडी फार. ही छावणी पहाडाच्या पायथ्याला आहे, आमच्या मुलखापासून आगगाडीनं कितीतरी दिवसांच्या वाटेवर. सकाळी उठलं की घोटे लाकडासारखे असतात. अर्धा घंटा चोळत बसतो, तेव्हा कुठं ते माझे होतात. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही उर्दू शाळेत, कारण निजामाच्या मोगलाईत शाळा तशीच होती. मराठी लिहायला पलटणीत आल्यावर शिकलो. त्यामुळं वाक्य कुठं घसरलं तर काळजी वाटते, आणि नाही घसरलं तरी वाटतेच. तो माझा स्वभावच झाला आहे.

आमचं गाव हट्टा आणि जवळा बाजार यांच्या मधलं. मी चौथीत होतो तेव्हा बाची कंबर धरली. एका सकाळी बैलाला पेंड ठेवायला म्हणून वाकले ते सरळ झालेच नाहीत. माझ्यापेक्षा मोठं घरात कुणी नव्हतं. मास्तर घरी येऊन बसले, म्हणाले, पोरगं हुशार हाय, राहू द्या शाळेत.

बा बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "हुशार हाय म्हणूनच काढून राहिलो मास्तर. येडं असतं तर तुमच्याकडंच ठेवलं असतं."

मास्तर हसले, गूळपाणी घेऊन गेले. माझी शाळा तिथं संपली आणि खळं सुरू झालं.

ज्यांनी खळं पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जमीन गोल चोपून शेणानं सारवायची. मधोमध खांब पुरायचा, त्याला तिवडा म्हणतात. भोवती ज्वारीची कणसं पसरायची. मग तीन-चार बैल एकाला एक असे दाव्यानं जोडून तिवड्याभोवती दिवसभर फिरवायचे. बैलांच्या या ओळीला म्हणायचं पात. तिवड्याजवळच्या बैलाला जवळपास जागच्या जागी वळायचं असतं. सगळ्यात बाहेरच्या बैलाला तेवढ्याच वेळात भलीमोठी चक्कर घ्यावी लागते, तो अर्धा पळतच असतो. म्हणून म्हातारा बैल आत बांधतात आणि तरणा बाहेर. आमचा तरणा बैल लबाड होता, कडेला आला की मान खाली घालून उभा राहायचा. म्हणून त्याच्याही बाहेरच्या अंगाला मी. पात फिरायची तितकं मी फिरायचो, आणि सगळ्यात मोठी चक्कर माझी.

दुपारी ऊन चढलं की माझे पाय आपोआप आत सरकायचे. खळ्याकडेला टाकलेल्या बाजेवरून बाचा आवाज यायचा.

"आत काहून जाऊन राहिलास?"

"न्हाई, बैलाकडं बघून राहिलो."

"आतली जागा थकल्याची असते. थकलास काय?"

"न्हाई."

"मग राहा बाहेर."

थकलो असलो तरी न्हाईच म्हणायचं. आमच्या घरी थकण्याचा मान म्हाताऱ्या बैलाला होता आणि बाला होता, तिसऱ्याला नव्हता. आणि खळ्यावर चपला घालून पाय ठेवायचा नाही, ती धान्याची जागा, म्हणून हे सगळं अनवाणी. सुगी आली की असं दिवसचे दिवस. पुढं मला कुणी विचारलं की पळायला कुठं शिकलास, तर मला काय सांगावं ते कळायचं नाही. मी शिकलो नव्हतोच, मी बैल हाकत होतो.

लढाई लागल्यावर औरंगाबादेला भरती सुरू झाली. तोवर बा उठून बसायला लागले होते, धाकटा भाऊ पातीमागं चालण्याइतका झाला होता. पलटणीत दोन वेळा पोटभर मिळतं एवढंच मला ठाऊक होतं. वसमतच्या ठेसनावर गाडीत बसलो तेव्हा आई म्हणाली, "कुणाच्या मधी मधी जाऊ नको बरं. कडंकडंनं राहा." मी तेच करत आलो.

बराकीत सगळे परमुलखाचे. काही हिंदी बोलायचे, काही मराठी, पण ती मराठीही वरच्या अंगाची, साताऱ्याकडची. पहिल्याच आठवड्यात मला कुणीतरी लवकर चल म्हणून हाक मारली आणि मी म्हणालो, "येऊन राहिलो." झालं. त्यांना तेवढं पुरलं.

"येऊन राहिला म्हणं. अरे, येणार का राहणार ते ठरव की."

"राहू दे त्याला, येईल उद्याच्याला."

मी मान खाली घालून बुटाचे बंद बांधत राहिलो. तेवढ्यात मागच्या खाटेवरून आवाज आला, सावकाश, दाढी करता करता आल्यासारखा.

"येऊन बी राहिला, आन राहून बी राहिला. तकलीफ हाय काय कुणाला?"

सगळे आपापल्या खाटांकडं वळले, कारण तो आवाज हवालदाराचा होता. मी वळून बघितलं. उंच, वाळका माणूस, गालाला साबण, हातात वस्तरा. तिशीच्या आसपासचाच असेल, पण मला तेव्हा म्हातारा वाटला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घरापासून इतक्या लांब आमचं बोलणं ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

"कुठला रे तू, लेकरा?"

"जवळा बाजारकडला."

"मी बाळापूरकडला. म्हंजी शेजारीच की आपण." शेजार कसला, मधे चांगली दिवसभराची गाडीवाट. पण त्या बराकीत ते खरंच शेजारी होते. त्या दिवसापासून मी त्यांना चाचा म्हणायला लागलो.

चाचा पलटणीतले नावाजलेले पळणारे होते, हे मला नंतर कळलं. सहा मैलांची, गोल चकरांची शर्यत ही त्यांची शर्यत. लढाईच्या आधी त्यांना परदेशी पाठवायचं ठरलं होतं, जगातले पळणारे जिथं जमतात तिथं. कोटसुद्धा शिवून झाला होता, निळा, सोन्याच्या रंगाच्या बटणांचा. मग लढाई लागली आणि ती शर्यतच झाली नाही. कोट त्यांच्या ट्रंकेत होता. दरसाल पावसाळा सरला की ते तो बाहेर काढायचे, उन्हात घालायचे, कडुलिंबाचा पाला नवा ठेवायचे आणि परत घडी करायचे. अंगात कधी घातलेला मी पाहिला नाही.

माझी पहिली शर्यत कंपनीचीच. मैदानावर चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. गोल जागा पाहिली आणि मी रेघेबाहेर बूट काढून ठेवले. मागं हसले ते ऐकू आलं. मग पळायला लागलो आणि पाय आपोआप बाहेरच्या अंगाला गेले. सगळे आतल्या रेघेला चिकटून पळत होते आणि मी त्यांच्यापासून चार हात लांब, प्रत्येक चकरेला मोठा वळसा घेत. शेवटपर्यंत तसाच. चौथा आलो.

साहेब गोरे होते, त्यांनी हातातल्या छडीनं माझ्याकडं दाखवून काहीतरी विचारलं. चाचा माझ्याकडं आले.

"साहेब विचारून राहिले, हा बाहेरून काहून पळतो?"

"आत मोठी मान्सं होती."

"कोण मोठी?"

"नाईक होते. दोन लान्सनाईक होते. तुमी होता."

"मग?"

"आतली जागा मोठ्याची असते ना."

चाचा माझ्याकडं बघतच राहिले. मग खाली मातीत बसले आणि इतके हसले की सदऱ्यानं डोळे पुसावे लागले. "या खुदा," म्हणाले, "पातीतनं सुटून आलाय हे पोरगं." साहेबाला काय सांगावं हे त्यांना कळेना. शेवटी सांगितलं की नवीन आहे, रस्ता चुकला. साहेब म्हणाले म्हणे, रस्ता चुकून जो चौथा येतो त्याला रस्ता शिकवा.

दुसऱ्या दिवसापासून चाचांनी शिकवायला घेतलं.

"हे बघ. खळ्यावर दावं असतं. बाहेरचा किती बी पळला तरी आतल्याच्या बराबरच येतो. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"इथं दावं न्हाई. इथं बाहेर गेला तो मागं राहिला. समजलं?"

"समजलं."

पण समजलं ते मला, पायांना नाही. वयानं मोठा कुणी जवळ आला की पाय आपले बाहेर. चाचांनी दोन दिवस पाहिलं. मग त्यांनी जुन्या फेट्याची एक पट्टी फाडली आणि माझं उजवं मनगट आपल्या डाव्या मनगटाला बांधलं. "घे, तुला दावंच पायजे होतं ना." मला आत घातलं, आपण बाहेर. असं आम्ही पळायचो. मी जरा बाहेर झुकलो की त्यांचं कोपर माझ्या बरगडीत बसायचं. उजव्या बरगडीवर तिथं कायमची काळपट खूण झाली होती. बाकीचे म्हणायचे, आली बाळापूरची बैलजोडी. चाचा म्हणायचे, "आली तर आली, वैरण टाका."

चकरा मोजायचीही आमची तऱ्हा होती. खळ्यावर रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पहिली चक्कर झाली की माझ्या तोंडून लाभ जायचं, आणि चाचांच्या तोंडून बरकत, त्यांच्याकडं तसं म्हणतात.

"लाभ."

"बरकत. आता दोघांचं मिळून दोन झाले म्हणू नको. एकच झाली चक्कर."

रोज्याच्या दिवसांतही ते माझ्यासोबत यायचे, पण उन्हं कलल्यावर. ओठ सुकलेले असायचे, थुंकी गिळत नसत. मी म्हणायचो, चाचा, राहू द्या आज. तर म्हणायचे, "तू तहानलास काय? न्हाई ना? मग चल."

लढाईत आमची पलटण पूर्वेकडं गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडं थोडं आहे, मी बहुतेक ओझी वाहिली आणि ताप काढला. परत आल्यावर पुन्हा पळणं. ब्रिगेडची शर्यत, मग त्याच्या वरची, मग सिलोनला गेलो, तिथं तिसरा आलो. बाहेरच्या देशात पळण्याची ती माझी पहिली वेळ. लोकांना वाटतं, पळणाऱ्याला मजा येते. मला ती फारशी आलेली आठवत नाही. दूध जास्त मिळायचं, पहाऱ्याची पाळी चुकायची, आणि डोक्यात सारखं एकच, हे आपण हरलो तर काय. लढाई संपल्यावर पलटणी कमी करायला लागले, माणसं घरी पाठवायला लागले. पळणाऱ्यांना ठेवून घेत. म्हणजे जोवर पळतोय तोवर ठेवणार, हे मला बरोबर कळत होतं. गावी गेलो असतो तर बाच्या रानात दोन माणसांचंच काम, तिसऱ्याला जागा नव्हती. म्हणून थकलो तरी न्हाई म्हणायचो, जुनी सवय कामाला आली.

मग देश वेगळा झाला. आमच्यातले कितीतरी मुसलमान जवान पलीकडं गेले. चाचांनाही विचारलं. ते म्हणाले, "माझं रान बाळापुरात हाय. ते उचलून नेता येतं काय?" आणि राहिले. जाणाऱ्यांना निरोप द्यायला ठेसनावर गेले, परत आले, आणि त्या दिवशी पळायला आले नाहीत. तेवढा एकच दिवस.

अठ्ठेचाळीस साली चाचांची हुकलेली ती जगाची शर्यत विलायतेला भरायची होती, तिच्यासाठी माणसं निवडायची ठरली. आमच्याकडून या शर्यतीला एकच माणूस जाणार होता. आम्हा दोघांपैकीच एक, हे सगळ्यांना दिसत होतं. मी पंचविशीचा आणि चाचा छत्तिशीच्या घरात. त्यांची ही शेवटची वेळ, त्या उन्हाळ्यात त्यांची नोकरीच संपत होती. माझ्यापुरतं बोलायचं तर, गेलो तर पलटण मला ठेवणार होती. मला ती जागा हवी होती, नाही म्हणत नाही. पण ट्रंकेतला कोट मी दरसाल पाहिला होता.

आदल्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "चाचा, तुमीच जा."

"मी जाणार म्हंजी? पळून जाणार का तू दिलं म्हणून जाणार?"

मी बुटाची माती खरवडायला लागलो.

"मला खैरात नको रे लेकरा. बराबर पळ. न्हाईतर कोपर विसरलास काय?"

शर्यत सकाळची होती. सुरुवातीपासून चाचा आत आणि मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बाहेर. मी ठरवून केलं नव्हतं. आत ते होते आणि ते मोठे होते, मग माझे पाय बाहेर गेले, इतक्या वर्षांचं शिकणं क्षणात धुऊन निघालं. इतरांच्या वेळी मला आत राहता यायचं. चाचांच्या वेळी ते जमायचं नाही. सराव करताना ते आपणहून बाहेर असायचे, खऱ्या शर्यतीत आम्ही असे शेजारी कधी आलोच नव्हतो. बाकीचे हळूहळू मागं पडले. आम्ही दोघंच उरलो, बैलजोडी.

वळणावर मी मागं पडायचो, सरळ वाटेवर पुन्हा गाठायचो. प्रत्येक चकरेला तेच. छाती जळायला लागली. चाचांनी दोनदा वळून माझ्याकडं पाहिलं.

"आत ये," ते म्हणाले.

"न्हाई."

"काहून?"

"तुमी मोठे."

पुढची सगळी चक्कर त्यांनी माझ्याकडं न बघता घेतली. श्वासाचा आवाज तेवढा. मला वाटलं, बरं झालं, असंच होऊ दे, ते आत आहेत, ते जातील, आणि मी बराबर पळालो असंही होईल. खरं सांगतो, मला त्या वेळी हलकं वाटलं. थकलेल्या माणसाला वाटतं तसं.

मग ते अर्ध्या पावलानं मागं सरकले. मला वाटलं, दमले. तेवढ्यात ते माझ्या मागून उजव्या अंगाला आले आणि बरगडीत ओळखीचं कोपर बसलं.

"मी तरणा हाय अजून," चाचा म्हणाले. शब्द तुटत होते. "बाहेर मी. तू हो आत."

मी आत गेलो. बाहेर त्यांचं कोपर होतं, दुसरीकडं जायला जागाच नव्हती. उरलेल्या चकरा त्यांनी मला तसंच आत दाबून धरलं, स्वतः मोठा वळसा घेत, आणि तरीही खांद्याला खांदा. शेवटच्या वळणावर तो खांदा मागं गेला. मी रेघ ओलांडली तेव्हा ते हातभर मागं होते.

ते लंगडत बाहेर आले आणि गवतात बसले. उजवा गुडघा धरला होता. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"चाचा, तुमी सोडलं."

"काय सोडलं? तुझा बा काय म्हणतो? पातीत बाहेर कोण असतो?"

"तरणा."

"आन आत कोण?"

मी त्यांच्या बुटाचे बंद सोडायला वाकलो.

"मग? मी तरणा ठरलो आज, साऱ्यांच्या देखत. तू म्हातारा. जा विलायतेला, म्हाताऱ्या." एवढं बोलून ते हसायला लागले आणि हसता हसता गुडघा चोळत राहिले. त्यांना खैरात नको होती, मला मात्र त्यांनी ती दिली, आणि अशी दिली की नको म्हणायला तोंड उरलं नाही.

निघताना त्यांनी ट्रंक उघडली. मला सरकारी कोट मिळणारच होता, पण त्यांनी तो जुना निळा माझ्या हातात दिला. बाह्या मला बोटांपर्यंत आल्या. "घालू नको, चांगला दिसत न्हाई तुला," म्हणाले. "नुसता संगं ने. कोटाला तरी बघू दे काय हाय तिथं."

समुद्राच्या प्रवासाचं काय सांगू. पोटात काही राहत नव्हतं. बरं वाटलं की जहाजाच्या डेकवर दोरखंडांच्या मधून गोल गोल पळायचो आणि गोरी माणसं खुर्च्यांतून बघायची. तिथं पोचलो तर गार, ओलं, आणि त्यांच्याकडंही लढाईनंतर खायची ओढच होती. उकडलेले बटाटे आणि पाव. पळायची जागा मात्र पाहण्यासारखी, जळक्या कोळशाचा चुरा दाबून केलेली काळी गोल वाट, आमच्या सारवलेल्या खळ्यासारखी सपाट. मी आदल्या दिवशी जाऊन वाकून हात लावला. बूट काढावेत असं फार वाटलं, पण त्या चुऱ्यावर अनवाणी पळणं जमलं नसतं, आणि आमच्यासोबतचे साहेब बघत होते.

शर्यतीत आम्ही पुष्कळ जण होतो, एकाहून एक उंच. पहिली चक्कर झाली तेव्हा मी लाभ म्हणालो, आणि मग बरकतही मीच म्हणालो. त्यानंतर फार काही आठवत नाही. मी आतल्या रेघेला धरून होतो. निम्म्या वाटेवर पुढचे लोक एक अख्खी चक्कर जास्त घेऊन मागून आले. प्रत्येक वेळी मागं पावलं ऐकू आली की पाय बाहेर सरकायला बघायचा, आणि प्रत्येक वेळी उजव्या बरगडीवर काहीतरी टोचल्यासारखं व्हायचं, तिथं कुणी नसताना. मी आतच राहिलो. ते माझ्या बाहेरून वळसा घेऊन गेले. पोचलो तेव्हा शेवटून दुसरा होतो की तिसरा, ते मला कुणी नीट सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मागून येणाऱ्यांनाही वाजवतात तिथं. मी बाकावर बसलो, पायातले बूट काढले आणि तसाच बसून राहिलो. कुणीतरी विचारलं, कुठला? हिंगोलीच्या अंगचा, म्हणालो. त्यानं हसून मान हलवली.

त्या महिन्यांत आमच्याकडचे दिवस बरे नव्हते. मोगलाईत धामधूम चालू होती, गावागावांतून लोक बाहेर पडले होते, घरची खबर नव्हती. मी तिथं गोल चकरा घेत होतो आणि इकडं कोण आहे कोण नाही हे ठाऊक नव्हतं. परत आलो तर चाचांची खाट रिकामी. मी गेल्यावर थोड्याच दिवसांत नोकरी पुरी करून ते गावी गेले होते. भाद्रपदात आपल्या फौजा शिरल्या आणि मोगलाई संपली. आमच्या घरचे सगळे सुखरूप निघाले. बाळापूरकडचं मात्र काही कळेना. त्या दिवसांत मुसलमानांच्या घरांवर काय काय आलं ते कानावर येत होतं. मी ते पाहिलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. पण जेवण जात नव्हतं. निळा कोट माझ्या ट्रंकेत होता आणि त्याला कडुलिंबाचा पाला घालायचा तर या थंड मुलखात कडुलिंबही नाही.

दिवाळीनंतर आमच्या गावचा एक जवान सुट्टी संपवून आला. तो बाळापूरच्या बाजाराला गेला होता. मी त्याच्या मागं मागं हिंडलो, त्याला सामानही ठेवू दिलं नाही.

"हाईत," तो म्हणाला. "दम धर की जरा. हाईत तुझे चाचा."

"बरे हाईत?"

"बरे म्हंजी, रान हाय, घर हाय. शेजारच्या हिंदूंनी घरात ठेवून घेतलं होतं त्या टायमाला. गुडघा मात्र गेला. वाकतच न्हाई. बाजारात दगडावर बसून बैलाचं सांगून राहिले होते."

"काय सांगून राहिले होते?"

"यंदा मळणीला मान्सं न्हाईत म्हणले. पोरगं लहान हाय. आपण नुसतं तिवड्यापाशी बसून वराडतो, आन बाहेरचा बैल ऐकत न्हाई. तुझं विचारलं. म्हणले, आत पळला का बाहेर?"

"तू काय सांगितलंस?"

"मला काय ठाव. म्हणलं, आतच असंल."

चाचांना ते ऐकून बरं वाटलं असेल. मी त्या दिवशी पोटभर जेवलो आणि मग खाटेवर पडून राहिलो. त्यांचा गुडघा त्या सकाळपासूनचा आहे, बाहेरून वळसा घेत मला आत दाबून धरलं तेव्हापासूनचा. ज्या पायांनी त्यांना पातीमागं फिरायचं होतं ते पाय त्यांनी माझ्या शर्यतीत घातले.

आता सुट्टी बंद आहे. वर पहाडात लढाई चालू आहे आणि आम्हाला कधी हलवतील सांगता येत नाही. साहेब म्हणतात, पुढच्या साली पुन्हा बाहेर देशी पळायचं आहे, तयारी ठेव. ठेवतो. सकाळी घोटे चोळतो, बूट घालतो, मैदानाला चकरा मारतो, आतल्या रेघेनं, त्यांनी शिकवलं तसं. पण पळताना मन तिकडंच असतं. आता खळी सारवून झाली असतील, कणसं पसरली असतील.

चाचा, यंदा मला येता येत नाही. पण एका सुगीला मी येणार. तुमचा कोट घेऊन येईन, बूट बांधावर काढून ठेवीन, आणि तुमी तिवड्यापाशी बसा, थकल्याच्या जागी, आता तरी तिथं बसायला लाजू नका. बाहेरच्या बैलाच्या बाहेरून मी फिरेन, सगळी ज्वारी मळून होईस्तोवर. त्या दिवशी तुमी आत ये म्हणून कितीबी कोपर मारलं तरी मी येणार न्हाई.